ऑफिसला शोभेल असा मासा

त्याचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. ऑफिस, बाजार, शेजारपाजार, एवढंच काय त्याची सासूसुद्धा त्याला पारखी म्हणायची. मासा हातात न घेता, टोपलीवरून नुसती नजर फिरवून, कुठला आज पहाटेचा आणि कुठला कालचा पाणी मारून ताजा केलेला, हे तो सांगून टाकायचा. तो येताना दिसला की मासेवाले शिळा माल गोणपाटाखाली सारायचे. माशांतली ही पारख लोकांनी मग सगळ्याच गोष्टींना लावली. कुणी सायकल घ्यायला निघालं की त्याला सोबत न्यायचं. सायकलीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण तोही हाताची घडी घालून, मान तिरकी करून सायकलीच्या डोळ्यांत बघितल्यासारखं करायचा आणि ‘घ्या’ म्हणायचा.

नोकरी शिपायाची. ऑफिस नदीचं पाणी तपासणारं. बाटल्या उचलणं, काचेची भांडी धुणं आणि साहेबांचा चहा आणणं हे त्याचं काम. यातलं चहाचं काम सर्वांत जबाबदारीचं समजलं जाई. पुढे वरून हुकूम आला की नुसतं पाणी तपासून भागणार नाही, नदीतले मासेही तपासा. कारण साधं होतं. पाणी आज इथे असतं, उद्या वाहून जातं, आणि तपासणीची तारीख कारखान्यांना ऑफिसच्या आधी कळते. मासा मात्र तिथेच राहतो, तिथलंच खातो-पितो आणि पाण्यातलं शिसं, कॅडमियम, पारा गपचूप अंगात साठवत जातो. माशाला खोटं बोलता येत नाही, असं त्या वेळी भाषणाला आलेले एक मोठे शास्त्रज्ञ म्हणाले होते. मासा निवडून आणणाऱ्या माणसाबद्दल ते काही बोलले नाहीत.

मासा कोण आणणार, हा प्रश्नच नव्हता. साहेबांनी पारखीकडे बघितलं, पारखीने मान खाली घातली, आणि नेमणूक झाली.

नदीवरच्या जुन्या पुलाखाली मासेवाल्यांच्या होड्या लागत. पुलाच्या थोडं वर, पाणी येतं त्या बाजूला, कारखान्यांची रांग होती. भांड्यांना मुलामा देणारे, बॅटऱ्या बनवणारे, आणि सगळ्यांत थोरला, पारा वापरणारा, ट्यूबलाइटचा. दर महिन्याला पारखी बर्फाचा डबा खांद्याला लावून पुलाखाली जायचा. आणि तिथे त्याने तेच केलं, जे त्याने जन्मभर केलं होतं. त्याने चांगला मासा निवडला.

आता यात चूक काय, असं कुणीही म्हणेल. तोही तेच म्हणाला असता. सरकारी काम, साहेबांसमोर ठेवायची वस्तू. डोळा टपोरा हवा, कल्ले लालबुंद हवेत, अंग घट्ट, खवले चांदीसारखे. हातभर वाढलेला, शेपटी झिजलेला थेरडा त्याला नको असायचा. वरच्या पाण्यात खेळणारा, कोवळा, चपळ मासा तो उचलायचा. नदीच्या तळाशी चिखलात तोंड घालून बसणारा मिशाळ मासा समोर आला की तो नाक मुरडायचा. “हा काय ऑफिसला नेण्यासारखा आहे का?” म्हणायचा. मासेवालेही समजून गेले होते. त्याच्यासाठी ते सगळ्यात देखणे मासे बाजूला काढून ठेवत, जणू काही त्यांना सरकारी नोकरीलाच लावायचं होतं.

तपासणीला लागायचा काडेपेटीएवढा तुकडा. उरलेल्या माशाचं काय करायचं याबद्दल हुकुमात काही लिहिलं नव्हतं, म्हणून तो साहेबांकडे जायचा. साहेबांच्या घरून निरोप यायचा, मासा उत्तम होता. तपासणीच्या कागदावरही जवळपास तेच यायचं. शिसं मर्यादेत, कॅडमियम मर्यादेत, पारा असून नसल्यासारखा. मग ऑफिसच्या फाटकावर फळा लागायचा: नदीतले मासे खाण्यास सुरक्षित आहेत. कारखानेवाले खूश, साहेब खूश, वरचे त्याहून खूश. नदीबद्दल झालं इतकं एकमत दुसऱ्या कुठल्याही बाबतीत त्या शहरात कधी झालं नव्हतं.

सर्वांत खूश होती पारखीची बायको. तिचा बाजारात माशांचा ओटा होता. कुणी गिऱ्हाईक नाक उडवून म्हणालं की पुलाखालचे आहेत का हो, तर ती सुरी थांबवून म्हणायची, “आमचे हे तपासणीत आहेत. स्वतःच्या हाताने मासा नेतात. फाटकावरचा फळा वाचता येतो ना?” पुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

पारखीच्या घरात मात्र वेगळे मासे शिजत. देखणे ऑफिसला गेले, त्याखालचे ओट्यावर गेले, की उरायचे ते मोठे, जुने, मिशाळ. दिसायला ओबडधोबड, पण चरबीदार आणि चवीला जबर. ते बाहेर न्यायची लाज आणि खायची हौस, म्हणून ते घरी. आणि त्यांची खरी शौकीन होती त्याची लेक. एकुलती एक. तिला लहानपणापासून त्या माशाचं डोकं लागायचं, दुसऱ्या कुणी त्याला हात लावला तर ती ताट सरकवून उठायची. लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडेच राहत होती. पण आता तिला दिवस गेले होते, नवरा मालगाडीवर नोकरीला, आठवडा-आठवडा बाहेर, म्हणून ती आईकडे येऊन राहिली होती. पारखीला काय करू आणि काय नको असं झालं होतं. पुलाखाली गेला की तो आता घरासाठी मोठ्यात मोठा मिशाळ शोधायचा. “दोन जिवांचं खाणं आहे,” असं मासेवाल्याला सांगायचा आणि मासेवालाही हसून आणखी मोठा काढून द्यायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ऑफिसात मॅडम आल्या.

वयाने त्याच्या लेकीएवढ्याच, शिक्षणाने साहेबांच्या वर, आणि खुर्चीने साहेबांच्या खाली. त्यामुळे साहेबांना त्या पहिल्या दिवसापासून खटकल्या. त्यांनी जुने सगळे आकडे चाळले, मग खिडकीतून ट्यूबलाइटच्या कारखान्याचं धुराडं बघितलं, मग परत आकडे बघितले आणि पारखीला बोलावलं.

“काका, मासे कुठून आणता?”

“पुलाखालून, मॅडम. दुसरीकडून आणला असेल तर जीभ झडो माझी.”

“नाही, तसं नाही म्हणत. कसे निवडता ते विचारतेय.”

हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. त्याची कळी खुलली. डोळा कसा बघायचा, कल्ला कसा उचलायचा, बोटाने दाबल्यावर खड्डा कसा भरून यायला हवा, सगळं त्याने मन लावून सांगितलं. मॅडम ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

“काका, तुम्ही तर बाजार करता,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“वाड्यात काय भांडणं आहेत ते परवा आलेल्या भाडेकरूला विचारून काय कळणार? तिथे वीस वर्षं राहिलेल्या म्हाताऱ्याला विचारायला हवं. तुमचा हा छोटा मासा परवा आलेला भाडेकरू आहे. मला म्हातारा आणून द्या. मोठा, जुना, तळाशी राहणारा. लहान माशांना खाऊन मोठा झालेला. त्या सगळ्यांच्या अंगातला पारा त्याच्या अंगात गोळा झालेला असतो.”

पारखीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जन्मात त्याने वाईट मासा विकत घेतला नव्हता आणि आता तो सरकारी कामासाठी घ्यायचा? तो साहेबांकडे गेला. साहेबही नाराज झाले, कारण तसला मासा उरला तर तो घरी कसा न्यायचा, हा त्यांनाही प्रश्न पडला. पण मॅडमनी लेखी मागितलं होतं. “आणा एकदा,” साहेब म्हणाले, “त्यांचं समाधान होऊ दे.”

तेव्हा पारखीने पुलाखालून दोन मिशाळ उचलले, एकाच जाळ्यातले, सख्ख्या भावांसारखे सारखे. एक घरी दिला. दुसरा डब्यात घालून, वर वर्तमानपत्र झाकून, ओळखीचं कुणी बघणार नाही अशा गल्लीने ऑफिसात नेला.

मॅडमनी तुकडा कापला, तोलला, आम्लात विरघळवला, यंत्राला दिला. पारखी बाजूला भांडी धूत होता. यंत्रातून कागद आला तो मॅडमनी दोनदा वाचला आणि पुन्हा तुकडा कापला. दुसऱ्या वेळीही तेच आलं.

“पारा मर्यादेच्या कितीतरी वर आहे, काका,” त्या म्हणाल्या. “शिसंही आहे. हा मासा कुणी खायला नको. पोटुशी बाई असेल तर तिने अजिबातच नको. पारा नाळेतून बाळापर्यंत जातो, त्याच्या मेंदूला धरतो.”

पारखीच्या हातातलं भांडं नळाखाली तसंच राहिलं. याचा भाऊ या वेळी घरी चुलीवर असणार, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. कुणाला न विचारता, हात न पुसता तो निघाला. नोकरीत तो वेळेआधी उठून गेल्याची ही पहिलीच वेळ होती.

घरी पोहोचला तेव्हा पातेलं उतरलेलं होतं आणि लेक ताटावर बसली होती. माशाचं डोकं तिच्या ताटात होतं. त्याने ताट उचललं ते थेट मोरीत पालथं केलं.

बायको आधी दचकली आणि मग भडकली. “अहो, डोकं ठिकाणावर आहे का? पोटुशी पोर जेवत होती.”

“म्हणूनच. विष आहे त्यात. ऑफिसात आत्ता तपासलं.”

“काहीतरीच! फाटकावर फळा आहे.”

“फळा चुकीचा आहे.”

“फळा चुकीचा कसा असेल? मासे तुम्हीच नेता ना?”

आणि इथे पारखी अडकला. त्याच्या ज्या शब्दावर बायकोने सगळा बाजार गप्प केला होता, त्याच शब्दावर ती आता त्यालाही गप्प करू पाहत होती. त्याच्या बोलण्यावर अविश्वास दाखवायला तिला त्याचंच प्रमाणपत्र पुरेसं होतं. तो पाटावर बसला आणि त्याने सांगितलं. लहान मासे, मोठे मासे, भाडेकरू, म्हातारा, सगळं. सांगता सांगता त्याच्या स्वतःच्याही ते पहिल्यांदाच नीट लक्षात येत होतं.

लेक भिंतीला टेकून ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, “म्हणजे बाबा, चांगले ऑफिसात नेले आणि हे मला खायला घातले?”

“तुला आवडतात म्हणून गं,” तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. ऑफिसात, बाजारात, मयतालासुद्धा कधी न रडलेला माणूस मोरीकडे तोंड करून लहान मुलासारखा रडला. लेकीने त्याला समजावलं नाही. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले होते आणि ती त्या पालथ्या ताटाकडे बघत होती.

बायको दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसली नाही. गुडघा दुखतो म्हणून तिने बाजारात सांगितलं. खरं काय ते सांगावं तर इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकांना तोंड कसं दाखवायचं, आणि न सांगावं तर सुरी उचलवत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने पलीकडच्या तलावातले मासे आणवले. कुणी विचारलं तर ती म्हणायची, “बदल हवा असतो माणसाला.”

इकडे साहेबांनी मॅडमचा कागद वाचला आणि हसून बाजूला ठेवला. “मासा आहे, मॅडम. पोहतो. कुठून आला असेल कुणास ठाऊक. एका म्हाताऱ्या माशासाठी आपण सगळी नदी बदनाम करायची का? पुढच्या वेळी बघू.” पुढच्या वेळी साहेबांनी कुठले मासे आणायचे हे ठरवायचं काम मॅडमकडून काढून घेतलं आणि पारखीला केबिनमध्ये बसवून चहा पाजला. कुणासाठी चहा आणण्याऐवजी आज त्यालाच चहा मिळाला. “तुमची नजर हे आपल्या ऑफिसचं भूषण आहे,” साहेब म्हणाले. “तुम्ही आपले पहिल्यासारखेच मासे आणा.” पारखीने कप तसाच ठेवला.

तो मॅडमकडे गेला. “मासे पोहतात म्हणतात साहेब. मग जे पोहत नाही, एका जागी राहतं, असं काही तपासता येतं का?”

“माणूस,” मॅडम म्हणाल्या. “माणसाच्या केसांत पारा उतरतो. मुळाशी कापलेली एक बारीक बट पुरते.” मग त्या थबकल्या. “काका, घरात कोण आहे?”

त्याने लेकीचं सगळं सांगितलं.

लेकीपुढे हा विषय काढायला त्याने दोन दिवस घेतले. त्याला वाटलं होतं ती रागावेल. ती त्या दिवसापासून त्याच्याशी जेमतेम कामापुरतंच बोलत होती. पण तिने उठून कात्री आणली, त्याच्यापुढे पाठ करून बसली आणि मानेवरचे केस वर धरले. “मुळापासून कापा,” ती म्हणाली. “आणि बाबा, निवडत बसू नका.”

त्याने कात्री हातात घेतली, परत खाली ठेवली, आणि शेवटी बट आईनेच कापली.

मॅडमनी निकाल सांगायला बाप-लेकीला बोलावलं तेव्हा त्यांनी आडवळण घेतलं नाही. पारा गरोदर बाईला चालतो त्याच्या दुपटीहून जास्त होता. खाणं थांबवलं की तो हळूहळू उतरेल, डॉक्टरांना आजच सांगा, त्या म्हणाल्या. बाळाचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, “सांगता येत नाही. काहीच न होण्याचीही शक्यता आहे. पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काही सांगणार नाही.”

लेकीने मान हलवली. मग म्हणाली, “मॅडम, हे तुमच्या कागदावर जाईल का? नदीच्या?”

“तुमची परवानगी असेल तर.”

“घाला. माझ्यासारख्या आणखी किती जणी असतील.”

मॅडमनी तो आकडा महिन्याच्या तक्त्यात घातला. काही लपवलं नाही. ठिकाण: पुलाखालचा पट्टा. प्रकार: केस, मनुष्य, स्त्री. वर आणि खाली पारखीने साहेबांच्या सांगण्यावरून आणलेल्या कोवळ्या, टपोऱ्या डोळ्यांच्या माशांचे आकडे होते, सगळे मर्यादेत. पण साहेब तक्ता डावीकडून वाचत नसत. ते थेट शेवटच्या रकान्यावर जात आणि तिथून वर-खाली बघत. त्यांचं पेन एका आकड्यावर थांबलं आणि त्यांनी पारखीला हाक मारली.

“हा कुठला नमुना? बाकी सगळे व्यवस्थित आहेत आणि हा एकटाच वर गेलाय. तुम्हीच आणलात ना?”

“हो साहेब. मीच आणला.”

“अहो, तुमच्यासारख्या माणसाने असा नमुना आणावा? हा आपण काढून टाकू.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “उद्या याच्याजागी दुसरा आणा. चांगला बघून.”

पारखीने टेबलावर वाकून पेनाखालच्या ओळीवर आपला हात ठेवला. साहेबांच्या टेबलावर त्याने चहाच्या कपाशिवाय काही ठेवलेलं साहेबांना आठवत नव्हतं.

“दुसरा नाही, साहेब,” तो म्हणाला. “मला एकच मुलगी आहे.”

साहेबांनी मग ती ओळ पहिल्यांदा डावीकडून वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी पारखीच्या हाताकडे बघितलं. आपण त्या नदीतले मासे नक्की किती वर्षं घरी नेतोय, असं काहीतरी त्यांनी हळूच विचारलं. पण पारखीने हात उचलला नाही.